ग्रीन कार्डाच्या पुढचा अर्ज

2021 साली 1,63,370 भारतीयांनी आपलं नागरिकत्व सोडलं. 2022 मध्ये हा आकडा 2,25,620 झाला आणि 2023 मध्ये 2,16,219. परराष्ट्र खातं संसदेत ही माहिती देतं, दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रांत येते आणि मग आपल्याकडे चर्चा रंगते ती देशप्रेमाची. ज्यांच्याविषयी ही चर्चा चालते ती माणसं मात्र त्या वर्षी देश सोडून गेलेली नसतात. त्यातली बहुतेक दहा, पंधरा, वीस वर्षांपूर्वीच गेलेली असतात. तिथे त्यांची घरं आहेत, मुलं शाळेत आहेत, कर भरून झाले आहेत. त्या वर्षी त्यांनी केलेली गोष्ट एवढीच, की कायमच्या रहिवाशाचं कार्ड परत देऊन नागरिकत्वाची शपथ घेतली. हा निर्णय कसा घेतला जातो, त्यासाठी काय करावं लागतं आणि त्यात काय मिळतं, काय जातं, याचा नीट विचार मराठीत फारसा झालेला नाही. म्हणून हा आढावा. त्यात अमेरिकेवर भर आहे, कारण तिथे नव्यानं नागरिक होणाऱ्यांत मेक्सिकोच्या खालोखाल भारतात जन्मलेल्यांचा क्रमांक लागतो.

सुरुवात आपल्याच कायद्यापासून करायला हवी. भारतीय नागरिकत्व कायदा 1955 सालचा. त्याच्या नवव्या कलमानुसार एखाद्या भारतीयानं स्वेच्छेनं परदेशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. ते कुणी काढून घ्यावं लागत नाही, अर्ज करून सोडावंही लागत नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करेपर्यंत आपण दोन्हीकडचे असतो. ही समजूत चुकीची आणि महागात पडणारी आहे. शपथेनंतर जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे. पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या आयुष्यभराच्या व्हिसाच्या कार्डासाठी, अर्ज करायचा, हा क्रम आहे. शपथ आणि ओसीआय यांच्या मधल्या काळात घरी काही घडलं, तर नव्या देशाचा पासपोर्ट आणि भारताचा व्हिसा लागतो. शपथेची तारीख आल्यावर पुण्याचं तिकीट काढून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अमेरिकेपुरतं बोलायचं तर नागरिकत्वाचा अर्ज ही या वाटेवरची सोपी पायरी आहे. अवघड आहे ते ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त जात नाहीत. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे इतकी लांबली आहे की 2025 च्या सुमारास 2012-13 साली लागलेल्यांचा नंबर लागत होता. आज रांगेत शिरणाऱ्याला किती वर्षं लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईबापांच्या अर्जावर अवलंबून असलेली मुलं एकवीस वर्षांची झाली की त्या अर्जातून बाहेर पडण्याची वेळ येते. ज्या देशात पहिलीपासून शिकलो तिथेच राहायला स्वतंत्र व्हिसा शोधायचा, ही वेळ शेकडो मराठी घरांतल्या मुलांवर आली आहे. या अन्यायाविषयी अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयकं येतात आणि अडकून पडतात.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी, किंवा अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन एकत्र राहत असल्यास तीन वर्षांनी, एन-400 हा अर्ज करता येतो. मुदत भरण्याच्या नव्वद दिवस आधीही तो पाठवता येतो. पाच वर्षांपैकी किमान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. ही अट बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी अट अनेकांच्या नजरेतून निसटते: वास्तव्य अखंड असावं लागतं. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरलं जातं आणि तसं झालं नाही हे तुम्हाला पुराव्यानं दाखवावं लागतं. सलग एक वर्ष बाहेर राहिलात तर बहुतेकांसाठी नव्यानं मोजणी सुरू होते. आईच्या आजारपणात सात महिने सांगलीत राहिलेल्या मुलीला हा नियम निर्दय वाटेल, पण तिनं घरभाडं, नोकरी, कर यांचे कागद जपले असतील तर तिची बाजू मांडता येते. कागद नसतील तर भावनेचा उपयोग होत नाही.

अर्जात विचारलेल्या प्रश्नांना सरळ आणि पूर्ण उत्तर द्यावं, हा सगळ्यात मोलाचा सल्ला. पाच वर्षांतले परदेश प्रवास तारखांसह मागतात. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची जुनी ईमेल, सगळं काढून बसावं लागतं. कधी अटक झाली होती का, पोलिसांनी कधी चिठ्ठी दिली होती का, असं विचारतात. खटला काढून टाकला गेला असला तरी तो सांगावा लागतो. मूळ चूक क्षुल्लक असते, लपवल्यानं ती मोठी होते. अर्जात खोटं लिहून मिळवलेलं नागरिकत्व पुढे कित्येक वर्षांनीही रद्द होऊ शकतं. करविवरणात सोयीसाठी स्वतःला अनिवासी दाखवणाऱ्यानं तर ग्रीन कार्डच धोक्यात घातलेलं असतं. घरात अठरा ते सव्वीस वयाचा मुलगा असेल आणि त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नोंद झाली आहे का, हे पाहावं. ही लष्करी भरतीसाठीची नोंद आहे आणि ती न केल्यास पुढे त्याच्या अर्जाच्या वेळी जाब विचारला जातो. आणखी एक: वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचा रकाना समोर येतो. नागरिक नसताना तिथे खूण करणं, त्याहून मत देणं, हे हद्दपारीचं कारण ठरू शकतं. नजरचुकीनं केलं, हे सांगून सुटका होईलच असं नाही.

मराठी नावांची अडचण वेगळी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदललेलं असतं. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं अशी तीन नावं एकाच बाईची असतात. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं लिहायची असतात आणि शपथविधी न्यायालयात होणार असेल तर तिथे कायदेशीररीत्या नाव बदलूनही घेता येतं. अनेक जणींनी ही संधी साधून माहेरचं नाव परत घेतलं आहे. मात्र ओसीआयच्या वेळी जुन्या भारतीय पासपोर्टवरचं नाव आणि नवं नाव यांचा मेळ कागदांनी घालून द्यावा लागतो.

मुलाखतीत इंग्रजी वाचन, लेखन आणि नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा होते. बरीच वर्षं शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातले दहापर्यंत विचारत आणि सहा बरोबर यावे लागत. 20 ऑक्टोबर 2025 पासून आलेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू आहे: यादी 128 प्रश्नांची, विचारणार वीसपर्यंत आणि बारा बरोबर हवेत. नापास झालात तर काही आठवड्यांनी दुसरी संधी मिळते. शुल्क एप्रिल 2024 पासून ऑनलाइन अर्जाला 710 डॉलर आणि कागदी अर्जाला 760 डॉलर आहे, कमी उत्पन्न असणाऱ्यांना सवलत मिळते. चारित्र्याच्या निकषाकडे आता अधिक कडक नजरेनं पाहिलं जातं. 2025 च्या ऑगस्टमध्ये तशा सूचना अधिकाऱ्यांना दिल्या गेल्या. केवळ गुन्हा नसणं पुरेसं न मानता चांगल्या वागणुकीची बाजूही पाहावी, असा त्यांचा रोख आहे. समाजात केलेलं काम, नियमित भरलेला कर, कुटुंबाची घेतलेली जबाबदारी यांचे कागद त्यामुळे जवळ ठेवलेले बरे.

हे नागरिकत्व आज अर्ज भरून मिळतं, पण भारतीयांना ते सहज मिळालेलं नाही. 1790 च्या अमेरिकी कायद्यानं परदेशी माणसांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना नागरिक होण्याची मुभा दिली होती. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना 1909 साली न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्व मिळालं तेव्हा सरकारनं त्याविरुद्ध अपील केलं. 1910 मध्ये अपील न्यायालयानं पारशी हे गोऱ्यांत मोडतात असं ठरवून ते कायम केलं. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उलट निर्णय दिला: सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी गोरे नाहीत, म्हणून ते नागरिक होऊ शकत नाहीत. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, तरीही. या निकालानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेण्याचा सपाटा लागला. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणाऱ्या वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, भारतात भेटीला जायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं त्यांना सांगण्यात आलं, आणि 1928 साली त्यांनी आत्महत्या केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचंही नागरिकत्व काढून घेण्यासाठी खटला भरला गेला. त्यांनी तो लढवला आणि जिंकला. 1914 मध्ये न्यायालयानंच दिलेला निर्णय सरकारला आता पुन्हा उकरता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा 1926 साली अपील न्यायालयात टिकला. हिंदुस्थानी माणसाला नागरिक होण्याचा हक्क मिळाला तो 1946 च्या ल्यूस-सेलर कायद्यानं. त्यानंतर 1949 मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद 1956 साली काँग्रेसमध्ये निवडून गेले. चिकोडीत जन्मलेले, 1979 साली अमेरिकेत गेलेले आणि 1988 मध्ये नागरिक झालेले श्री ठाणेदार 2022 च्या निवडणुकीत मिशिगनमधून निवडून आले. या माणसांचा इतिहास ठाऊक असला की 'पासपोर्ट वजनदार आहे, व्हिसा लागत नाही' एवढ्यावर अर्ज करणं मनाला पटत नाही.

इतर देशांचे नियम थोडक्यात. कॅनडात पाच वर्षांपैकी 1,095 दिवस प्रत्यक्ष राहावं लागतं. कायमचा रहिवासी होण्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेले दिवस निम्म्यानं मोजतात, जास्तीत जास्त 365 दिवसांइतके. 18 ते 54 वयाच्यांना इंग्रजी किंवा फ्रेंचचा पुरावा आणि वीस प्रश्नांची परीक्षा, त्यात पंधरा बरोबर. ऑस्ट्रेलियात चार वर्षांचं वैध वास्तव्य आणि त्यातलं शेवटचं वर्ष कायमचा रहिवासी म्हणून. तिथल्या परीक्षेत मूल्यांवरचे पाचही प्रश्न बरोबर यावे लागतात, एक चुकला की बाकी सगळं बरोबर येऊनही उपयोग नाही. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना मिळून वर्ष व्हावं लागतं, 'लाइफ इन द यूके' परीक्षेत चोवीसपैकी अठरा हवेत आणि शुल्क दीड हजार पौंडांहून जास्त आहे. चार माणसांच्या कुटुंबाला ते परवडतं का, हा प्रश्न तिथले मराठी लोक खरोखर विचारतात.

जर्मनीचं उदाहरण आपल्या दृष्टीनं विशेष आहे. पुण्याचं आणि जर्मन उद्योगांचं नातं जुनं, मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून स्टुटगार्ट-म्युनिकला गेलेले इंजिनिअर पुष्कळ. 27 जून 2024 पासून जर्मनीनं नागरिकत्वाची मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली आणि जुनं नागरिकत्व ठेवण्यासही परवानगी दिली. तिकडच्या तुर्की शेजाऱ्याला दोन्ही पासपोर्ट ठेवता येऊ लागले. मराठी इंजिनिअरची मुदत कमी झाली, पण दोन पासपोर्टांच्या बाबतीत काहीच बदललं नाही, कारण अडसर भारताच्या कायद्याचा आहे. आखातात तर सर्वसामान्य कामगारासाठी ही शिडीच नाही. रत्नागिरी-रायगडहून गेलेली माणसं तिथे तीस-तीस वर्षं राबतात, पण नोकरी संपली की बहुतेकांना परतावंच लागतं.

गोव्याची कहाणी या सगळ्याहून वेगळी. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. तिथे राहण्याची, परीक्षा देण्याची अट नाही. त्या जोरावर हजारो गोवेकर इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये स्थायिक झाले. मात्र केवळ जन्मनोंद झाली की भारतीय नागरिकत्व गेलं का, यावरून गोव्यात मतदारयादीपासून निवडणुकीच्या अर्जापर्यंत वाद झाले. ज्यांनी नोंद फक्त मुलांच्या सोयीसाठी केली त्यांनाही याची झळ बसली.

आता हातातून काय जातं ते पाहू. एल. एम. सिंघवी यांच्या समितीनं 2002 साली दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती. 2003 मध्ये सोळा देशांपुरता कायदाही झाला. पुढे 2005 पासून मिळालं ते ओसीआय कार्ड, म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि आर्थिक व शैक्षणिक बाबतींत बराचसा अनिवासी भारतीयासारखा दर्जा. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांसाठी 2021 पासून खास परवानगी लागते. सरकार हे कार्ड रद्दही करू शकतं. त्याला नागरिकत्व समजण्याची चूक कुणी करू नये.

जमिनीचा प्रश्न मात्र विनाकारण भीतीचा झाला आहे. ओसीआयधारकाला शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही हे खरं. वारसा हक्कानं आलेली शेतजमीन मात्र त्याला ठेवता येते आणि भारतात राहणाऱ्या भारतीयाला विकताही येते. नागरिकत्व बदललं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही. 'तू आता परदेशी झालास, हक्कसोड लिहून दे' असं भाऊबंद म्हणू लागले तर सही करण्याआधी वकील गाठावा. फ्लॅट, दुकान, बिगरशेती प्लॉट घ्यायला ओसीआयधारकाला अडचण नाही.

करांबद्दल अमेरिका इतर देशांहून वेगळी आहे. ग्रीन कार्डधारकावर आणि नागरिकावर जगभरच्या उत्पन्नाचा कर सारखाच, त्यामुळे नागरिक झाल्यानं तिथे राहणाऱ्याचा कर वाढत नाही. फरक पडतो तो परतणाऱ्याला. अमेरिकी नागरिक कोथरूडला येऊन राहिला तरी त्याला दरवर्षी अमेरिकेत विवरण भरावं लागतं, आणि परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली की त्यांची माहिती द्यावी लागते. भारतातल्या म्युच्युअल फंडांवर तिकडचे नियम फार जाचक आहेत. पन्नाशीत परत यायचं ठरलेलं असेल तर हा हिशेब शपथेआधी मांडावा.

आईवडिलांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. मुलगा किंवा मुलगी नागरिक झाली की आईवडिलांसाठी रांगेविना ग्रीन कार्ड मिळतं. म्हणून ते केलं जातं, आणि मग सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे अशी ओढाताण सुरू होते. ग्रीन कार्ड कायम राहण्यासाठी आहे, भेटीसाठी नाही. विमानतळावर अधिकारी हेच विचारतात. ज्यांचं घर, मैत्र, डॉक्टर, देऊळ सगळं नाशिकला आहे त्यांना भेटीचा व्हिसा पुरतो. जे खरोखर तिकडे राहायला गेले आहेत त्यांनी मात्र वय झालं म्हणून अर्ज टाळू नये. वय पंचावन्नच्या पुढे आणि ग्रीन कार्डाची पंधरा वर्षं झालेली असतील, किंवा पन्नाशी आणि वीस वर्षं असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्यासह मराठीतून देता येते. पासष्टीनंतर, वीस वर्षं झालेली असल्यास, प्रश्नही थोडेच अभ्यासावे लागतात. हे आपल्याकडच्या अनेक आजीआजोबांना कुणी सांगितलेलंच नसतं.

उलट दिशेची एक गोष्टही सांगायला हवी. भारताचा नागरिक होऊ पाहणाऱ्या परदेशी माणसाला साधारणपणे बारा वर्षांचं वास्तव्य आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. त्या यादीत मराठी आहे. कुणी परदेशी मराठी शिकून भारतीय होऊ शकतो, हे आपण अभिमानानं सांगावं. आणि जो देश दुसऱ्यांकडून इतकं मागतो त्याच्या माणसांनी दुसऱ्या देशाच्या अटींना नावं ठेवू नयेत.

मग अर्ज करावा का? जिथे आयुष्य काढायचं ठरलं आहे, मुलं जिथे वाढणार आहेत, तिथे करावा, आणि मुदत भरताच करावा. कायमचा रहिवासी कितीही जुना असला तरी एखाद्या गुन्ह्यासाठी, कधी अगदी दुकानातल्या चोरीसारख्या गुन्ह्यासाठीही, त्याला देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला तसं काढता येत नाही. सध्याच्या वातावरणात हा फरक सगळ्यांत मोठा आहे. आई किंवा वडील नागरिक झाले की अठराच्या आतलं, ग्रीन कार्ड असलेलं आणि त्यांच्याजवळ राहणारं मूल आपोआप नागरिक होतं, म्हणून मुलगा सतरा वर्षांचा असताना अर्ज लांबवणं ही चूक आहे. ज्याला परतायचं आहे, त्यानं मात्र केवळ सोयीच्या पासपोर्टसाठी भारताचं मत आणि नागरिकत्व सोडू नये. मतदानाच्या दिवशी गावी हजर राहता येत असेल तर भारतीय पासपोर्टवरचा अनिवासी आजही मत देऊ शकतो.

उत्तर अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं गणपती, दिवाळी, नाटकं उत्तम करतात. त्यांनी वर्षातला एक रविवार नागरिकत्वाच्या अर्जासाठी द्यावा: चार स्वयंसेवक, एक जाणकार वकील, परीक्षेचे प्रश्न आणि मराठीतून समजावून सांगणारं कुणीतरी. आणि ज्यांनी शपथ घेतली आहे, त्यांनी त्याच आठवड्यात मतदार म्हणून नाव नोंदवावं आणि पहिल्याच निवडणुकीला, मग ती शाळा मंडळाची का असेना, मत द्यायला जावं.